किम घराण्याची वंशावळ

११ मे, रविवार. रात्री साडेनऊ.
आजपासून पुन्हा रोजनिशी. मागच्या तीन वह्यांत जानेवारीची आठ-दहा पानं सोडली तर काही नाही, पण त्याला कारणं होती. या वेळी विषय आहे.
संध्याकाळी वाचनालयाच्या फिल्म क्लबात कोरियन सिनेमा पाहिला. 'लास्ट पर्सिमन'. सिरियल किलरचा. दोन तास चोवीस मिनिटं. लहानशा गावात सहा बायकांचे खून होतात आणि प्रत्येकीच्या हातात पर्सिमन नावाचं नारिंगी फळ सापडतं. मला ते टोमॅटो वाटलं. हॉलमध्ये दोन पंखे, त्यातला चालणारा नेमका अध्यक्ष महादेवप्पा सरांच्या डोक्यावर. बाकीचे आम्ही उकडून निघालो. अशा परिस्थितीतही मी सिनेमा बारकाईने पाहिला. मध्ये थोडा डोळा लागला असेल.
सरांनी जाहीर केलं की १ जूनला याच सिनेमाची बलस्थाने आणि उणिवा यांवर चर्चा. प्रत्येकी दहा मिनिटं. श्रोते हात वर करून उत्तम वक्ता निवडतील. मी तिथल्या तिथे नाव दिलं. मागे वळून बघतो तर संस्कृतीनेही दिलेलं.

१२ मे, सोमवार.
कालची भानगड नीट नोंदवून ठेवतो. संस्कृती म्हणजे आमची मुलगी. बारावी झाली, चौऱ्याहत्तर टक्के. तिला पुण्याला जाऊन कोरियन भाषेची डिग्री घ्यायची आहे. दोन वर्षं मोबाईलवर बघून बघून निम्मी भाषा शिकलीच आहे म्हणे. मी म्हणतो, इथंच बी.कॉम. कर आणि संध्याकाळी माझ्या गाळ्यात बस. रजिस्ट्री ऑफिससमोर सव्वीस वर्षं बसतोय मी. खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र. एकही दस्त परत आलेला नाही. गाळ्याची पाटी 'संस्कृती दस्तलेखन' अशीच आहे, म्हणजे पाटीचासुद्धा खर्च नाही. पुण्यात काय आहे? ट्रॅफिक. आणि एकुलती एक मुलगी गेल्यावर घरात आम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत बसायचं. ते मला नको आहे, बास.
जेवताना म्हणालो की कोरियन सिनेमावर तुझा बाप तुझ्यापेक्षा चांगलं बोलून दाखवेल. ती म्हणाली, बघू की. मी लगेच कागद ओढला. मी जास्त मतं घेतली तर बी.कॉम., सोलापूर. तिने घेतली तर पुणे. शर्ती सात, पोटशर्ती चार. दोघांच्या सह्या. साक्षीदार दाक्षायणी. ती भाकरी थापत होती, पिठाच्या हाताने सही केली, त्यामुळे कागदावर बोट उमटलं आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर करणार होतो, पण घरातल्या घरात एवढा खर्च कशाला.
आता हिचं पुणं संपलं असं समजायला हरकत नाही.

१३ मे, मंगळवार.
संकल्प: (१) पहाटे पाचला उठणे. (२) एक तास चिंतन. (३) रोज पाचशे शब्द. (४) भजी बंद.
उठलो सव्वासातला. पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, त्यामुळे चिंतनाच्या तासात बॅरल भरले. लेखन उद्यापासून. भजी इमामसाबने आणली. नाही म्हणणं बरं दिसत नाही. इमामसाब शेजारच्या टेबलावर स्टॅम्प विकतो, वीस वर्षांचा शेजार आहे.

१४ मे, बुधवार.
सिनेमा पुन्हा पाहायला घेतला. संस्कृतीने टीव्हीला पेनड्राइव्ह लावून दिला. करार झाल्यावरही मदत करते, म्हणजे मनातून हरलेलीच आहे.
अडचण चष्म्याची. वाचायचा लावला तर खालची इंग्रजी अक्षरं दिसतात पण चेहरे पुसट. लांबचा लावला तर चेहरे दिसतात, पण कोण काय बोललं कळत नाही. शिवाय सगळ्यांचे कोट काळे. एक मनुष्य मेला असं मी धरून चाललो होतो, तो पुढच्या प्रसंगात सूप पीत बसलेला. उणीव क्रमांक एक: पात्रांना वेगवेगळे कपडे नाहीत.
दोन भिंगांचा चष्मा करा असं दाक्षायणी दोन वर्षं सांगते आहे. तसा चष्मा म्हातारे वापरतात.

१५ मे, गुरुवार.
दाक्षायणीने आधार कार्डांच्या झेरॉक्स मागितल्या. तिच्या, माझ्या आणि संस्कृतीच्या. गॅसचं काहीतरी असेल. गाळ्यातच काढून दिल्या, दोन प्रती जास्तीच्या. मग दोघी रखरखत्या उन्हात सायबर कॅफेत गेल्या. चव्वेचाळीस डिग्रीत कसलं गॅसचं काम. मी काही विचारलं नाही. डोक्यात सिनेमा होता.
संध्याकाळी सात ते नऊ पाहिला. उणीव क्रमांक दोन: एकच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवतात. इन्स्पेक्टर पुलावर उभा आहे, हे मी आज तीन वेळा पाहिलं. दिग्दर्शकाला एडिटर मिळाला नव्हता की काय? दाक्षायणी म्हणाली की अहो, तुमी घोरायला लागला की ती मागं नेऊन ठेवती, तुमचं चुकायला नको म्हणून. मी घोरत नाही. डोळे मिटून ऐकतो.

१६ मे, शुक्रवार. सकाळी ७.१०.
सापडलं!! दात घासताना सापडलं.
मेलेल्या सहापैकी चार बायकांचं आडनाव किम. इन्स्पेक्टरही किम. सरपंच किम. मासे विकणारी किम. एका गावात इतके किम कसे? कारण ती भावकी आहे. आमच्याकडे मोहोळकडच्या एका गावात निम्मं गाव एका आडनावाचं आहे आणि तिथले अकरा दस्त मी केलेत. त्यांतला एकही भांडणाशिवाय झाला नाही. ज्याने वाटणीपत्रं लिहिली आहेत त्यालाच हे दिसणार. चित्रपट समीक्षकाला दिसणार नाही, त्याला आणेवारी, म्हणजे कोणाचा किती आणे हिस्सा, माहीत नसते.

१७ मे, शनिवार.
आणखी पुरावा. त्या किम बायकांचे नवरे ली आणि चोई आहेत. म्हणजे लग्नानंतरही बायकांनी माहेरचं आडनाव सोडलेलं नाही. का सोडलं नाही? उघड आहे. माहेरच्या जमिनीतला हिस्सा ठेवायचा म्हणून. चार बहिणी, एक भाऊ. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या दिल्या नाहीत. आणि एकेक बहीण मरते. आता फायदा कोणाचा?
इन्स्पेक्टर किमचा! तपास करणाराच खुनी! पर्सिमनची बाग आजोबांची आहे आणि प्रत्येक बहिणीच्या हातात त्याच बागेतलं फळ ठेवतो: घे तुझा हिस्सा. अंगावर काटा आला. असा सिनेमा कोरियात निघतो आणि आपल्याकडे निघत नाही. बलस्थान क्रमांक एक: जमिनीचा प्रश्न धाडसाने मांडला आहे.
ली आणि चोई नावाच्या दोघी मेल्या त्या भावजया असाव्यात.

१८ मे, रविवार. दुपार.
दाक्षायणी आज पहिल्यांदा सोबत बसली, शेंगा फोडायला. पंधरा मिनिटं झाली असतील, म्हणाली की त्यो बॉयलरवालाच हाय. घरोघर खोल्या गरम ठेवायचे बॉयलर दुरुस्त करायला येणारा पार्क नावाचा एक गरीब माणूस आहे. मी विचारलं, कशावरून? म्हणाली की चपला काढून कशा जुळवून, तोंड दाराकडं करून ठेवल्या बघा. आपला गॅसवाला कधी अशा ठेवतो का? एवढं नीट वागणारा माणूस मनातनं बरा नसतोय.
पार्कचं आडनाव पार्क आहे, किम नाही. त्याचा सातबाऱ्यावर कुठेही संबंध येत नाही. संबंध नसलेला माणूस खून कशाला करेल? तिला म्हणालो की तू शेंगा फोड.
संस्कृती मागे बसून हसत होती. कशाला, कळलं नाही.

२० मे, मंगळवार.
वंशावळ तयार. मूळ पुरुष: किम (मयत, नाव उपलब्ध नाही). त्याला मुलगे दोन. थोरल्याच्या शाखेत इन्स्पेक्टर आणि चार बहिणी. धाकट्याच्या शाखेत सरपंच आणि मासेवाली. पोलीस स्टेशनमधला पोरगेला शिपाईही किम आहे, तो दत्तक असावा. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर लाल-निळ्या स्केचपेनने काढली. मयतांपुढे फुली. चतुःसीमा: पूर्वेस नदी, पश्चिमेस पूल, दक्षिणेस रेल्वे, उत्तरेस दिग्दर्शकाने दाखवलेलं नाही.
इमामसाबला दाखवली. तो म्हणाला की भाई, ये तो कोर्टमें टिकेगा. कायदा जाणणाऱ्याचं मत.

२२ मे, गुरुवार.
शेवट पाहिला. क्लबात तो नेमका डोळा लागलेल्या वेळी गेला असावा. प्रचंड निराशा. सबंध सिनेमा व्यवस्थित चालला असताना शेवटच्या अर्ध्या तासात दिग्दर्शक माती खातो. बॉयलरवाला पार्क हातोडा घेऊन एका म्हातारीच्या घरात सापडतो आणि कबूल करतो की सहाही खून मीच केले. इन्स्पेक्टर पावसात रडतो. संपलं.
हे पटण्यासारखं आहे का? मोटिव्ह काय? लहानपणी बाप मारायचा म्हणून. आमच्या पिढीतल्या सगळ्यांना बाप मारायचा. मग वाटणीचं काय झालं? बागेचं काय झालं? वारस नोंद कोणाची झाली? एका अक्षराने खुलासा नाही. उणीव क्रमांक तीन, आणि सर्वांत मोठी: पोलिसांनी भलत्याच माणसाला पकडलं. कबुलीजबाब दबावाखाली घेतलेला आहे हे उघड आहे. तो घेणारा कोण, तर किम!
दाक्षायणी स्वयंपाकघरातून म्हणाली, मी म्हटलं नव्हतं? दुर्लक्ष केलं.

२४ मे, शनिवार.
भाषण लिहायला बसलो. पहिलं वाक्य: 'लिहून देणार सदर चित्रपटाविषयी खालीलप्रमाणे निवेदन करतो की'. खोडलं. दुसरं वाक्य सुचेना. पंखा बंद पडला. नवीन पेन आणलं. त्याची शाई फुटली. बाजूच्या घरात साखरपुडा, स्पीकर. लेखकाला या गावात वाव नाही.
संस्कृतीचं कसलंच लिखाण दिसत नाही. दिवसभर कानाला हेडफोन. अभ्यास नाही, तयारी नाही. उलट तिनेच मला सांगितलं की पर्सिमन हे आपल्या टेंभुर्णीच्या जवळच्या नात्यातलं झाड आहे, बिडीला पान वापरतात तीच टेंभुर्णी. म्हणजे फळांतसुद्धा भावकी निघाली. माझाच मुद्दा बळकट झाला. बिचारीला कळलंही नाही की तिने प्रतिपक्षाला पुरावा दिला.

२७ मे, मंगळवार.
आरशासमोर भाषण. अकरा मिनिटं. घाम. घसा बसला. दाक्षायणीने हळद-दूध दिलं आणि विचारलं की समजा पोरगी जिंकली तर काय करणार? मी म्हणालो, असले प्रश्न साक्षीदाराने विचारायचे नसतात. तिने दुसरा विचारला की समजा तुमी जिंकला आणि ती मनाविरुद्ध हितं राहिली, तर? मी म्हणालो की सवय होते. मलाही बी.ए. मराठी करायचं होतं, वडिलांनी गाळ्यात बसवलं, झाली सवय. तिने रिकामा पेला उचलून नेला. दुधात साखर कमी होती.

३० मे, शुक्रवार.
संकल्पांचा आढावा. पहाटे उठणे: शून्य दिवस. चिंतन: दात घासताना, तीन दिवस. पाचशे शब्द: एकूण दोनशे दहा. भजी: नोंद ठेवलेली नाही. पण मोठ्या कामात बारीकसारीक हिशेब पाहू नयेत.

१ जून, रविवार. रात्री दहा.
क्रमाने लिहितो.
हॉल भरलेला. बत्तीस लोक. एरवी बारा असतात. महादेवप्पा सरांनी प्रास्ताविक वीस मिनिटं केलं आणि सिनेमाचं नाव तीनदा चुकीचं घेतलं.
मी आधी बोललो. ड्रॉइंग पेपर भिंतीला चिकटेना, टेप घामट झाली होती. शेवटी इमामसाब हातात धरून उभा राहिला. कपडे, पुनरावृत्ती हे मुद्दे झटपट संपवले आणि वंशावळीला हात घातला. चार बहिणी, एक भाऊ, एक बाग. मागच्या रांगेतले उठून बघायला लागले. मी म्हणालो की हा सिनेमा खुनाचा नाही, हा वाटणीचा आहे. पहिल्या टाळ्या इथं पडल्या.
मग टेंभुर्णी गावाकडचे कोंडीबा उठले. माझे जुने पक्षकार, रजिस्ट्रीच्या कामाला सोलापुरात आले होते, सहज बसले होते. सिनेमा पाहिलेला नव्हता. म्हणाले की साहेब, तुमी बरुबर बोललात, पर बहिणींना इचारलं व्हतं का? साडीचोळी करून सही घेता आली असती की, मारायची काय गरज व्हती? त्यावर पुढच्या रांगेतल्या एक बाई ताडकन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की साडीचोळीवर किती दिवस फसवणार हाय तुमी? मग जे सुरू झालं ते पंचवीस मिनिटं थांबेना. कोणाच्या आत्याची सही, कोणाच्या मावशीचा अंगठा, कोणाचा होटगीजवळचा प्लॉट. सरांनी टेबल वाजवलं. कोणी ऐकेना. एका सिनेमाने एवढं समाजमंथन झालेलं मी पाहिलेलं नाही.
नंतर संस्कृती. कागद नाही, काही नाही. चारच मिनिटं बोलली. आधी सांगितलं की कोरियात पाचातला एक माणूस किम असतो, ते एकमेकांचे कोणीही लागत नाहीत, आणि बायका लग्नानंतर आडनाव बदलतच नाहीत, तशी रीतच आहे. हॉलला ते पटलेलं दिसलं नाही. कोंडीबा म्हणाले की आसं कसं?
मग तिने बलस्थाने सांगितली. खुनी राक्षसासारखा दिसत नाही, लोक त्याला चहा देतात, त्याची भीती वाटते ती म्हणूनच. बॉयलरची घरघर बंद होते तेव्हा आपल्याला कळतं की आता काही तरी होणार, रक्त दाखवायची गरजच पडत नाही. मरणारी प्रत्येक बाई आधी पाच मिनिटं जिवंत दाखवली आहे, कोणी कोबी चिरताना, कोणी बहिणीशी फोनवर भांडताना.
उणिवा: शेवटचा अर्धा तास सगळं उलगडून सांगण्यात जातो, प्रेक्षकावर विश्वास नाही. खुन्याचं लहानपण घाईघाईने चिकटवलं आहे. आणि सगळ्यात मोठी म्हणजे सहा बायका मरतात, पण सिनेमा बघतो इन्स्पेक्टर किती दुःखी आहे ते. तो पुलावर उभा राहतो, पावसात रडतो, आणि घरी त्याची मुलगी रोज जेवायचं वाढून थांबलेली असते. ती पाच वेळा दिसते. तिला नाव नाही, एकही वाक्य नाही.
इथं मी जरा गोंधळलो. इन्स्पेक्टरला मुलगी होती? मी सिनेमा नाही म्हटलं तरी सहा वेळा पाहिला. वंशावळीतही तिची नोंद नाही. बहुतेक लांबच्या चष्म्याच्या वेळी असावी.
मतदान. संस्कृती: सात. मी: एकवीस! कोंडीबांनी दोन्ही हात वर केले होते, ते एकच धरलं. सरांनी नारळ आणि शाल दिली.
संस्कृतीने टाळ्या वाजवल्या. घरी येताना स्कूटरवर मागे बसली होती, काही बोलली नाही. सात रस्ता चौकात मी विचारलं, कसं झालं माझं? म्हणाली की पप्पा, एवढे लोक तुमचं ऐकत होते, मला भारी वाटलं. मला वाटलं होतं ती रडेल. रडली नाही, त्याने जास्त बेचैन व्हायला झालं. शाल गरम होते.

२ जून, सोमवार.
विजयाचा दिवस असून इमामसाबने आणलेली भजी तशीच ठेवली. तेल जुनं असावं.
करार इमामसाबला दाखवला. त्याने चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाला की भाई, बच्ची कित्ते साल की है? मी म्हणालो सतरा पूर्ण, नऊ महिने. मग तो जो हसायला लागला. म्हणाला की नाबालिग के साथ करार? तुम? छब्बीस साल से ये काम करते ना तुम?
अठरा वर्षांच्या आतल्याशी केलेला करार मुळातच रद्द. हे मी पक्षकारांना रोज सांगतो. कोणालाही सांगा, हे मला माहीत नाही असं होऊ शकत नाही. माहीत असून मुद्दामच केला होता, तिला एक संधी असावी म्हणून, असं आता माझ्या लक्षात येतं आहे.

३ जून, मंगळवार. पहाटे ५.
खरोखर पाचला उठलो. झोपच लागली नाही.
निर्णय घेतला. मी जिंकलो आहे, हे सगळ्या सोलापूरला माहीत आहे. आता मोठेपणा दाखवायला काय हरकत आहे? ती इथं राहील, बी.कॉम. करेल, गाळ्यात बसेल, आणि स्कूटरवर मागे बसून काही बोलणार नाही. असली जीत घेऊन मी काय करू. मला ती हसत असलेली पाहिजे. वंशावळीवर का हसेना.
तर करार स्वेच्छेने रद्द करणार. रद्दलेख सकाळी गाळ्यात टाईप करतो. संध्याकाळी दोघींसमोर वाचून दाखवेन. संस्कृती गळ्यात पडेल बहुतेक. दाक्षायणीचे डोळे भरून येतील. मी म्हणेन, असू दे, असू दे.

३ जून. रात्री.
वाचून दाखवला. दीड पान.
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दाक्षायणी म्हणाली की अहो, फॉर्म तर पंधरा तारखेलाच भरला. पंधरा मे. पालकाची सही म्हणून आईची चालते. पहिल्या यादीत नाव आलं, फी माझ्या भिशीतनं भरली, हॉस्टेलची खोलीबी मिळाली. विरेशला माहीत, निंगव्वाआत्याला माहीत. विरेश माझा मेहुणा, निंगव्वा माझी सख्खी आत्या. माझी!
म्हणजे करारावर सही करणारी साक्षीदार तीन दिवसांनी फॉर्मवर सही करून आली. आणि झेरॉक्स मी काढून दिल्या. जास्तीच्या दोन प्रतींसह.
मी संस्कृतीला विचारलं की मग भाषणाला उभी कशाला राहिलीस? ती म्हणाली की तुम्ही रोज संध्याकाळी माझ्या सिनेमासमोर बसायला लागला होता, पप्पा. सांगितलं असतं तर उठून गेला असता.
मी उठून गेलो नसतो. बहुतेक.
जेवलो नाही. मग दहाला उठून जेवलो. कोणी जागं नव्हतं, ताट झाकून ठेवलेलं होतं.

४ जून, बुधवार.
राग. दिवसभर राग. एका दस्तात दोनदा चूक झाली. माझ्या घरात, माझ्या नाकासमोर सगळं झालं आणि मी तिकडे कोरियात कोणाची बाग कोणाला गेली ते बघत होतो. इमामसाबला सांगितलं नाही. त्याला आधीच माहीत होतं.

९ जून, सोमवार.
महादेवप्पा सरांचा फोन. पुढच्या महिन्यातल्या सिनेमावर बोलाल का? म्हणालो वेळ नाही. खरं म्हणजे भाषण ऐकून तीन नवीन पक्षकार आले आहेत, तिघंही बहिणींच्या हक्कसोडीसाठी. त्यांतल्या दोघांना मी सांगितलं की आधी बहिणींना विचारून या. का सांगितलं कोण जाणे. कामं गेली.
दोन भिंगांचा चष्मा टाकला करायला. म्हातारपणाचा संबंध नाही, सोय म्हणून.

१४ जून, शनिवार.
संकल्प: (१) पुण्याला महिन्यातून एकदाच जायचं. (२) रोज फोन करायचा नाही. (३) फोन केला तर जेवलीस का हे विचारायचं नाही.
दाक्षायणीने वाचलं आणि म्हणाली की लिहून ठेवा, लिहून ठेवा. माझी वही वाचायची तिला सवय आहे असं दिसतं. कधीपासून, विचारायचं धाडस झालं नाही.

१८ जून, बुधवार. संध्याकाळी सहा.
परवा ती जाणार. हॉस्टेलला पालकाचं हमीपत्र लागतं, स्टॅम्पवर, टाईप केलेलं. संस्कृती म्हणाली की बाहेर कुठं कशाला, तुम्हीच करून द्या की.
म्हणून आज ती गाळ्यात आली. पाटीवर तिचं नाव आहे, पण आत येऊन बसायची तिची ही पहिलीच वेळ. पक्षकारांच्या स्टुलावर बसली. इमामसाबने स्टॅम्प दिला, पैसे घेतले नाहीत. चहा मागवला. मी टाईप करायला घेतलं. असले कागद मी डोळे मिटून करतो. मी, लिहून देणार, वय पंचेचाळीस, व्यवसाय दस्तलेखन. माझी मुलगी कुमारी संस्कृती, वय सतरा, व्यवसाय शिक्षण. कायमची राहणार सोलापूर. हल्ली राहणार.
प्रिंट काढून तिला वाचायला दिली. तिने सगळी वाचली, शेवटपर्यंत. मग बोट ठेवून म्हणाली की पप्पा, हल्ली राहणारच्या पुढंपण सोलापूरच आलंय.
मी पाहिलं. आलं होतं खरं. सव्वीस वर्षांत असं झालेलं नाही. कॉम्प्युटरमध्ये जुना मसुदा होता, त्यातून तसंच आलं असणार, असं तिला सांगितलं. ती बरं म्हणाली.
इमामसाब उठला आणि दुसरा स्टॅम्प घेऊन आला.
पुणे केलं. पुन्हा प्रिंट काढली. सही केली.